उशाशी पिस्तूल आणि मंडळाचं निवेदन

(शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या बाईंनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, शक्यतो त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.)

"आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, गेली १९ वर्षं इथे. आयटीतली नोकरी गेल्यावर नवऱ्याने एका गुजराती मित्राबरोबर शहराच्या दक्षिण भागात गॅस स्टेशन आणि त्याला लागून असलेलं छोटं दुकान घेतलं. वस्ती बहुतेक काळ्या लोकांची. गिऱ्हाइकं ओळखीची झालीत, कधी त्रास नव्हता. गेल्या जानेवारीत रात्री साडेदहाला दोघं तोंड झाकून आले, काउंटरवरच्या माणसाला पिस्तूल दाखवलं आणि गल्ला घेऊन गेले. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून नवरा रात्रीत तीन-तीनदा उठून दार बघतो. आता त्याला दोन पिस्तुलं हवीत. एक दुकानात, एक घरी उशाशी. म्हणतो, आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, आजोबांची बाराबोअर होती, त्यात एवढं काय?

मुलगा १६ वर्षांचा. तो बापाला म्हणतो, तुमचे कायदे काळ्या पोरांना तुरुंगात घालतात आणि तुमच्या बंदुका त्यांना मारतात. दोघांची रोज खडाजंगी. म्हणजे व्हायची. हल्ली तो जेवायलाही खाली येत नाही, मार्कही घसरलेत. वयच तसं आहे म्हणा.

त्यात आमच्या मंडळाने बंदुकांचे कायदे आणखी कडक करा असं निवेदन काढलंय. मी कार्यकारिणीत आहे, माझी सही हवी आहे. नवरा म्हणतो, आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना निःशस्त्र करायला तूच हातभार लाव. ग्रुपवर एकाने लिहिलं, शिकागोत एवढे कडक कायदे असून रोज माणसं मरतात, मग उपयोग काय? आमच्या दुकानात एक काळे गृहस्थ काम करतात. त्यांचा भाचा तीन वर्षांपूर्वी गोळीबारात गेला. त्यांना निवेदन दाखवलं तर हसले. म्हणाले, 'छान लिहिलंय. आम्हाला कुणी विचारलं नाही.' तेव्हापासून सही करायला हात धजत नाही. कायदा कडक झाला तर आमच्यासारख्यांचं भलं होतं की नुकसान? आणि घरात पिस्तूल येऊ देऊ का? मे महिन्यात सासूसासरे येणार आहेत, त्यांना काय सांगायचं तेही कळत नाही."

ताई,

तुमचे प्रश्न दोन आहेत, निवेदनाचा आणि पिस्तुलाचा. पण पत्र वाचताना मी अडखळले ते तिसऱ्याच ठिकाणी. "हल्ली तो जेवायलाही खाली येत नाही." हे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि पुढे वयाच्या माथी मारून मोकळ्या झालात. त्यावर मी येणार आहे, पण आधी माझा कल सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशोबात धरता येईल.

मी इथल्या एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात २२ वर्षं समाजसेविका होते. गोळी लागलेला माणूस आत गेला की बाहेर त्याच्या घरच्यांसोबत बसायचं, हे माझं काम. एका पहाटे एका आईच्या मांडीवर मुलाचा फोन होता. मुलगा आत गेलेला, म्हणजे कायमचाच, आणि तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. फोन थरथरत होता, दर मिनिटाला कुणीतरी "कुठेयस?" विचारत होतं, आणि ती पदर सावरावा तसा हाताने तो झाकत होती. तेव्हा बंदुकीबद्दल मी तटस्थ आहे असं समजू नका. सुरुवातीची काही वर्षं तर सगळ्या बंदुका लेक मिशिगनमध्ये बुडवाव्यात याच मताची होते. ते मत टिकलं नाही, आणि ते बदलवलं त्याच बाकावर बसलेल्या लोकांनी.

तुमच्या यजमानांचा शब्द घेऊ: "आपल्यासारखे अल्पसंख्याक". या एका शब्दात त्यांनी तुमचं चार बेडरूमचं घर, दुकानाभोवतीची काळी वस्ती आणि एखादं गुरुद्वारा असं सगळं कोंबलंय. बंदूक या तिघांकडे तीन वेगळ्या वाटांनी येते.

गुरुद्वाऱ्याची वाट तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापासून उत्तरेला दोनेक तासांवर ओक क्रीक आहे. ५ ऑगस्ट २०१२ च्या रविवारी सकाळी, लंगरचा स्वयंपाक चालू असताना, एक गोरा वर्णद्वेष्टा आत शिरला. सहा माणसं त्या दिवशी गेली, सातवे गृहस्थ आठ वर्षं अंथरुणाला खिळून मग गेले. गुरुद्वाऱ्याच्या अध्यक्षांनी हाताला लागली ती बोथट सुरी घेऊन त्याला अडवलं होतं. दाराच्या चौकटीतलं गोळीचं भोक तिथे मुद्दाम बुजवलेलं नाही. खाली छोटी पट्टी आहे, तारीख आणि "आपण एक आहोत" एवढंच. त्या माणसाने पिस्तूल कायदेशीर विकत घेतलं होतं. २०१७ साली कॅन्ससमधल्या ओलेथला एका बारमध्ये "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत आपल्या तेलुगू इंजिनिअरला मारलं, ते आठवत असेलच. तेव्हा तुमच्या यजमानांची भीती हवेतून आलेली नाही. तिला हसण्यावारी नेऊ नका, आणि मुलालाही नेऊ देऊ नका.

पण अशा हल्ल्यांत मरणारी माणसं एकूण आकड्यात किती? २०२३ साली या देशात बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतले खून १७,९०० च्या आसपास. आत्महत्या २७,३००. टीव्हीवर दिसतात ते सामूहिक गोळीबार या खुनांतला अगदी लहान वाटा. बाकीचे खून रस्त्यावर, गाडीत, स्वयंपाकघरात होतात, आणि त्यांचा भार सारखा वाटलेला नाही. देशात काळे लोक १३-१४ टक्के, आणि बंदुकीने खून झालेल्यांत ते निम्म्याहून जास्त. म्हणजे तुमच्या दुकानातल्या गृहस्थांचा भाचा ज्या रांगेत होता, ती रांग तुमच्या दारावरून जात नाही. तुमच्या दारावरून जाते ती दुसरी, २७,३०० वाली. तिच्याबद्दल मंडळाच्या निवेदनात एक ओळही नसणार, पैजेवर सांगते.

आता ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचं, "शिकागोत कडक कायदे, मग उपयोग काय". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडही येत नाही. शिकागोतली हँडगनवरची बंदी २०१० सालीच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. उरले मुख्यतः इलिनॉय राज्याचे कायदे. आणि शहराच्या दक्षिण टोकाला रस्ता ओलांडला की इंडियाना लागतं. तिथे खासगी विक्रेत्याकडून बंदूक घेताना कुणी पार्श्वभूमी तपासत नाही, आणि २०२२ च्या जुलैपासून ती जवळ बाळगायला परवानाही लागत नाही. शहरानेच २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, गुन्ह्यांत हाती लागलेल्या बंदुकांपैकी साधारण ६० टक्के परराज्यांतून आलेल्या निघाल्या, आणि सर्वांत जास्त इंडियानातून. तुमच्याच गावाकडचं उदाहरण देते. एका जिल्ह्यात दारूबंदी आणि जिल्ह्याच्या हद्दीवर लागूनच बार, तर बंदी फसली म्हणायची की हद्द? शिवाय बहुतेक त्याच कायद्यांखाली शिकागोतले खून २०२१ साली ८०० च्या घरात होते आणि २०२४ साली ६०० च्या खाली आले. कायद्याशिवायही बऱ्याच गोष्टी वरखाली होत असतात. त्यांतल्या एकीबद्दल पुढे सांगते.

आता तुमच्या चिरंजीवांकडे. तो अर्धा बरोबर आहे. तुम्ही दोघांनी त्याला तेवढं तरी कबूल करा.

या देशात शस्त्रबंदी पुष्कळदा रंग बघून झाली आहे. यादवी युद्ध संपल्याबरोबर, १८६५ साली, मिसिसिपीने नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई केली. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेची पोरं आपल्या वस्त्यांत उघड्यावर बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला लागली, तेव्हा भरलेली बंदूक घेऊन फिरण्यावर बंदी आली. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. आपल्याला हे नवीन वाटायला नको. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यात गोऱ्याला सूट होती आणि परवाना काढायचा तो आपण. आणि शिकागोची बंदी ज्यांच्या दाव्यात मोडली ते ओटिस मॅकडोनाल्ड कोण होते? तुमच्या दुकानाच्याच बाजूचे, मॉर्गन पार्कचे, सत्तरी ओलांडलेले निवृत्त काळे गृहस्थ. घर वारंवार फोडलं जात होतं, त्यांना उशाशी पिस्तूल हवं होतं. तुमच्या यजमानांना ते अगदी जवळचे वाटतील.

पण मुलगा अर्धा चुकतोही आहे. २०२१ साली प्यू या जनमत अजमावणाऱ्या संस्थेने विचारलं, तेव्हा चारांतल्या तीन काळ्या प्रौढांनी बंदुकीचे कायदे आणखी कडक हवेत असं सांगितलं. गोऱ्यांत हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. ज्यांच्यावर कायद्याचा दांडा सर्वांत जास्त पडतो, तेच कायदा मागतात. यात विसंगती वाटते, ती आपण "बंदूक-नियंत्रण" ही एकच गोष्ट समजतो म्हणून. रुग्णालयाच्या त्या बाकावर बसणाऱ्या आया मला हे फार सोपं करून सांगायच्या. एक म्हणाली होती, माझ्या पोराला पकडायला चार गाड्या येतात, पण त्याला विकणाऱ्याकडे एकही जात नाही.

मी तेव्हापासून प्रत्येक प्रस्ताव याच फूटपट्टीने मोजते. हा कायदा दुकानाच्या काउंटरपाशी उभा आहे, की पोराच्या खिशात हात घालतोय?

काउंटरपाशी उभा असलेला कायदा म्हणजे बंदूक घेण्याआधी परवाना, बोटांचे ठसे, प्रशिक्षण, विक्रेत्याची तपासणी, चोरीला गेलेल्या बंदुकीची तक्रार सक्तीची. कनेक्टिकटने १९९५ साली हँडगनसाठी असा परवाना आणला, आणि पुढच्या वर्षांत तिथले बंदुकीचे खून घटल्याचं जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना आढळलं. मिझुरीने होता तो परवाना २००७ साली काढून टाकला, तिथे ते वाढले. नेमके किती टक्के यावर अभ्यासक भांडतात, भांडू देत. २०१५ साली चार्ल्सटनच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्या पोराला तर काउंटरवरच थांबवता आलं असतं. तपासणी तीन दिवसांत पुरी झाली नाही, म्हणून नियमाप्रमाणे दुकानाने पिस्तूल देऊन टाकलं. काळ्या माणसांच्या जिवासाठी याहून सरळ कायदा तो कोणता, की "उत्तर येईपर्यंत थांब"?

खिशात हात घालणारा कायदा म्हणजे नुसती जवळ सापडली म्हणून वाढीव शिक्षा, सक्तीचा तुरुंग, रस्त्यात अडवून झडती. हे कागदावर सगळ्यांना सारखं असतं, पण गाडी तुमच्या उपनगरात थांबवत नाहीत. न्यूयॉर्कचा शंभर वर्षं जुना परवाना कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानात होता तेव्हा तिथल्या गरिबांचे सरकारी वकील, त्यांत काळे वकीलही होते, चक्क बंदूकवाल्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं, हा कायदा आमच्या अशिलांना, काळ्या आणि लॅटिनो तरुणांना, गजाआड घालण्यापुरताच वापरला जातो. २०२२ च्या जूनमध्ये त्या कायद्यातली बंदूक बाळगण्यासाठी खास कारण दाखवण्याची अट गेली. म्हणजे बघा, काउंटरचा कायदासुद्धा फी आणि पोलिसांची मर्जी यांच्या हाती दिला की हळूहळू खिशाकडे सरकतो.

तेव्हा निवेदन उघडा आणि पेन्सिल घेऊन एकेक मागणीपुढे "काउंटर" किंवा "खिसा" लिहा. पहिल्यांवर बिनदिक्कत सही करा. दुसऱ्यांपुढे प्रश्नचिन्ह काढा आणि कार्यकारिणीत विचारा की हे कुणाला विचारून घातलं. तुमच्या दुकानातल्या त्या गृहस्थांनी कायद्याला विरोध केलेला नाही, त्यांनी फक्त विचारलं नाही म्हणून सांगितलं. मग विचारा की! त्यांना चहा द्या, शिफ्टमध्ये नव्हे, शिफ्टचे पैसे लावून वेगळ्या वेळी, आणि विचारा की तुमच्या वस्तीत काय हवंय. माझा अंदाज, शिकागोचे खून वरखाली करणारी जी गोष्ट पुढे सांगते असं मी मघाशी म्हटलं, तिच्याबद्दलच ते तुम्हाला सांगतील. २००० सालापासून शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये अशी माणसं कामाला लावली गेली, जी पूर्वी स्वतः टोळ्यांत होती. भांडण पेटलं की ती मध्ये पडतात, रुग्णालयात येऊन बदला घेऊ पाहणाऱ्या भावांच्या खांद्यावर हात ठेवतात. आमच्या रुग्णालयातही असा एक जण यायचा. त्याला मी आत सोडते म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत, आणि पुन्हा खाईन. ही कामं सरकारी पैशावर चालतात, पैसा आटला की माणसं घरी जातात. मंडळाच्या निवेदनात त्यांच्यासाठी कायमच्या निधीची एक ओळ येऊ शकली, तर ते गृहस्थ कदाचित हसणार नाहीत. फिलाडेल्फियात तर ओसाड पडलेले प्लॉट साफ करून हिरवळ लावली, साधं लाकडी कुंपण घातलं, एवढ्यानेच अतिशय गरीब वस्त्यांतला गोळीबार २९ टक्क्यांनी घटलेला दिसला. हे वाचून मी आधी विश्वास ठेवला नव्हता.

आता पिस्तुलं. आधी दुकानातलं.

ते पिस्तूल तुमचे यजमान चालवणार नाहीत. रात्री साडेदहाला काउंटरवर कोण असतं ते तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते काळ्या गृहस्थांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हाताशी असणार. त्यांच्याकडे फॉइड कार्ड, म्हणजे इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला लागणारं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते हातात घेणं हाच गुन्हा. कार्ड असलं तरी पुढचं ऐका. २०१८ साली शिकागोच्या दक्षिणेकडच्या रॉबिन्स गावात एका बारमध्ये गोळीबार झाला. तिथल्या काळ्या सुरक्षारक्षकाने हल्लेखोराला जमिनीवर दाबून धरलं, पोलिस आले, आणि त्यांतल्या एकाने गोळी घातली ती रक्षकालाच. चोर पळून गेल्यावर तुमच्या काउंटरमागे पिस्तूल धरलेला काळा माणूस उभा आहे आणि दारातून पोलिस आत येतायत, हे चित्र यजमानांना डोळ्यांसमोर आणायला सांगा. जानेवारीत कुणाला लागलं नाही, कारण तुमच्या माणसाने गल्ला दिला. तो शहाणपणा होता. त्याच्या हाताशी पिस्तूल ठेवून आपण त्याला तो शहाणपणा विसरायला सांगतोय.

त्यापेक्षा पैसा हलवा. गल्ल्यात ठरावीक रकमेच्या वर नोट राहू द्यायची नाही. वरची नोट लगेच खाली बसवलेल्या, काउंटरवरच्या माणसाला उघडता न येणाऱ्या ड्रॉप सेफमध्ये, आणि तसा ठळक बोर्ड दारावर. काचेवरची सिगारेट-बियरची पोस्टरं काढा, म्हणजे रस्त्यावरून काउंटर दिसेल. पंपावरचे दिवे पांढरे करा. नऊनंतर एकट्या माणसाची पाळी नको. खर्च होईल, पण दोन पिस्तुलं, गोळ्या, प्रशिक्षण यांचाही होतोच. आणि एक राहिलंच, त्या रात्री काउंटरवर होता त्या माणसाला झोप येते का, हे कुणी विचारलं का?

घरचं पिस्तूल.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या, २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. स्वतःकडे बंदूक नसलेली पण पिस्तूलधारी माणसाबरोबर राहणारी माणसं, म्हणजे हुबेहूब तुम्ही, खुनात बळी पडण्याचं प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. चोराच्या हातून वाचण्याचा फायदा त्यात कुठे दिसला नाही. जोडीदाराच्या हातून गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. तुमच्या यजमानांवर मी काहीही आरोप करत नाही, ते रात्रीत तीनदा उठून दार बघतात ते तुमच्याच काळजीने. पण झोप उडालेला, दचकणारा माणूस, अंधार, आणि रात्री दोनला पाणी प्यायला खाली उतरलेला उंच पोरगा. मी एवढंच म्हणते.

आणि त्या पोराचं. आशियाई वंशाच्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींमध्ये या देशात मृत्यूचं पहिलं कारण आत्महत्या आहे. आपल्या मंडळांत यावर कार्यक्रम होत नाहीत, आपल्याकडे पोरं "अभ्यासात जरा मागे पडलेली" असतात. तुमचा मुलगा त्या वाटेवर आहे असं मला एका पत्रावरून म्हणता येणार नाही. कदाचित वयच असेल, कदाचित बापाशी बोलणं नको म्हणून जेवण टाळत असेल. पण जेवण सोडणं, मार्क घसरणं आणि जो पोरगा रोज भांडायचा त्याने भांडणंही बंद करणं, हे तिन्ही एकत्र आलं की मी वाट बघत नाही. या वयात तो क्षण पुष्कळदा काही मिनिटांचा असतो, आणि टळला तर बहुतेक पोरं जगतात, मोठी होतात. घरात पिस्तूल असेल तर टळायला वाव उरत नाही. म्हणून पिस्तुलाचा निर्णय मुलाशी बोलून होईपर्यंत थांबवा, अगदी यजमानांच्या पायाला हात लावून थांबवायची वेळ आली तरी.

मुलाला सरळ विचारा. मराठीत, इंग्रजीत, ज्या भाषेत तो तुमच्याशी खरं बोलतो तिच्यात. "तुला जगणं नको वाटतं का कधी?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट विचारलं म्हणून हायसं वाटतं, हे मी शेकडो आयांना सांगितलंय. गाडीत विचारा. शेजारी शेजारी, समोर रस्ता, डोळ्यांत बघायची सक्ती नाही. शाळेतल्या समुपदेशकाला आणि तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात फोन करा. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा मदत क्रमांक या देशात कुठूनही, दिवसरात्र, फोन करून किंवा मेसेज करून चालतो. तो पालकांनीही लावायचा असतो, त्यात कमीपणा काही नाही.

सगळं करूनही यजमान ठामच राहिले, आणि कायद्याने त्यांना तो हक्क आहे, तर मग ते पिस्तूल उशाशी नको. बोटाच्या ठशाने किंवा आकड्याने उघडणाऱ्या लोखंडी पेटीत, रिकामं, गोळ्या दुसरीकडे, आणि आकडा मुलाला माहीत नसलेला. त्याचा वाढदिवस तर नकोच, आपण सगळे तोच ठेवतो. घरात अल्पवयीन मूल असताना बंदूक त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं इलिनॉयमध्ये कायद्यानेच बंधनकारक आहे. गाडीत ठेवायचं नाही, गाड्यांतून चोरलेल्या बंदुकाही पुढे गुन्ह्यांत फिरतात. आणि मुलगा १८ चा होऊन फॉइडच्या अर्जावर बापाची सही मागायला आला, तर शिकागोच्या उत्तरेचं हायलंड पार्क आठवा. ४ जुलै २०२२ च्या मिरवणुकीवर गोळीबार करून सात जणांना मारणारा पोरगा आधी एकदा घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या देऊन चुकला होता, पोलिस सुऱ्या घेऊन गेले होते. तरी पुढे त्याच्या अर्जावर बापाने सही केली. धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून बंदूक काढून घेण्यासाठी कुटुंबालाच कोर्टात जाता येईल असा आदेशाचा कायदा इलिनॉयमध्ये २०१९ पासून आहे. त्या घरातून कुणी गेलं नाही. हा कायदा तुमच्याही घरासाठी आहे, नवऱ्यासाठीसुद्धा, हे आज नुसतं माहीत असू द्या.

माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या पत्रांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या किंवा जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर काही थोडे अपवाद सोडल्यास बंदूक घेणं, जवळ ठेवणं, गोळ्या बाळगणं यांना संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. मित्राने रेंजवर नेलं तरी आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते, पण बंदुकीचा एखादा गुन्हा सिद्ध झाला तर परत पाठवू शकतात, आणि तिथे मंडळाचं पत्र उपयोगी पडत नाही.

राहिले तुमचे सासूसासरे. त्यांना दरोड्याचं खरं सांगा. ते गावाकडे यापेक्षा मोठं ऐकून आहेत, लपवलंत तर नातू सांगेल. आणि बाराबोअरचा विषय तुम्हीच काढा. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करायला आजोबा स्वतः जायचे का, पावती जपून ठेवायचे का, घरात ती कुठे टांगलेली असायची आणि पोरांनी हात लावला तर काय व्हायचं, हे सासऱ्यांना मुलाच्या आणि नवऱ्याच्या देखत विचारा. बहुतेक जेवणं टळणार नाहीत त्या दिवशी. फक्त पिस्तूल तोवर घरात आलेलंच असेल, तर सासऱ्यांच्या हातात "बघू जरा" म्हणूनही देऊ नका. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने ते हातात घेणंही कायद्यात बसत नाही. बाराबोअरवाल्या घरातल्या माणसाला हे कसं पटवायचं, ते मात्र तुमच्या यजमानांवर सोपवा.